वजू संपत नाही तेव्हा : मुलांचा मंत्रचळ आणि औषधाचे बारा आठवडे

अंधेरी असो, कुर्ला असो वा घाटकोपर, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाणी ठरावीक वेळेलाच येते. अशा घरात चौदा वर्षांचा मुलगा फज्रच्या वजूला पाऊण तास लावू लागला की भांडण ठरलेलेच. दार वाजवले जाते, अब्बा रागावतात, अम्मी मध्ये पडतात. मुलगा बाहेर येतो तेव्हा हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. ‘कोपर कोरडे राहिले असे वाटते,’ एवढेच तो सांगतो आणि पुन्हा आत जातो.

काही घरांत सुरुवातीला याचे कौतुकच होते. मुलगा पाक-नापाक जपतो, नमाजची फिकीर करतो, असे दादी आल्या-गेल्याला सांगते. मग हळूहळू लक्षात येते की त्याला नमाजचे समाधान मिळतच नाही. नियत बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. तकबीर नीट उच्चारली गेली का? ही दुसरी रकात की तिसरी? बाकीच्यांची नमाज होते आणि हा पहिल्याच रकातीत अडकलेला असतो. मग कौतुक संपते आणि ‘नाटक करतोय’ असे बोल सुरू होतात.

शाळेत आम्हा शिक्षकांना याच त्रासाचे दुसरे रूप दिसते. खोडरबर घासून घासून वहीचे पान फाटलेले. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. उत्तरे येत असूनही पेपर अर्धाच सुटलेला. बाकाला कुणाचा तरी हात लागला म्हणून डबा तसाच घरी नेलेला. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारी मुलगी, जिला उत्तर माहीत असते, पण खात्री हवी असते.

हा हट्ट नाही, नाटक नाही आणि ईमानची कमजोरीही नाही. हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. या लेखात मुख्यतः औषधाबद्दल लिहायचे आहे. कारण मुलाला मनाच्या आजाराची गोळी द्यायची म्हटले की घर घाबरते. आणि त्याहून मोठे नुकसान होते ते धीर करून सुरू केलेली गोळी तिसऱ्या आठवड्यात बंद केल्यामुळे.

आजार ओळखायचा कसा?

डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. आपल्या घरांत वहम किंवा वस्वसा म्हणतात. या आजाराचे दोन भाग असतात. पहिला, मनात जबरदस्तीने घुसणारा विचार: हात घाण आहेत, कपड्यांवर थेंब उडाला, गॅस चालू राहिला, माझ्यामुळे अम्मीला काहीतरी होईल. दुसरा, त्या विचाराची भीती शांत करण्यासाठी केलेली कृती: धुणे, तपासणे, मोजणे, पुन्हा वाचणे, पुन्हा विचारणे. कृती केली की थोडा वेळ बरे वाटते. मग विचार परत येतो आणि पहिल्यापेक्षा जास्त मागतो.

काही मुलांच्या बाबतीत बाहेरून काहीच दिसत नाही. त्यांच्या मनात अल्लाहबद्दल, कुराणबद्दल किंवा स्वतःच्या नातेवाइकांबद्दल नकोसे, घाणेरडे विचार येतात. ज्या गोष्टीची मुलाला सर्वांत जास्त कदर असते तिच्याबद्दलच ते येतात, म्हणून तर तो हादरतो. आपण काफिर झालो असे वाटून मनातल्या मनात शंभर वेळा तौबा करतो आणि कुणाला सांगत नाही. मुलींना पाळीनंतरच्या गुस्लबद्दल अशीच शंका छळते.

वजूत नीटनेटकेपणा असणे म्हणजे आजार नव्हे. रोज तास-दीड तास यात जात असेल, अभ्यास, झोप, जेवण, दोस्ती बिघडत असेल आणि ‘हे जास्त होतंय’ हे बहुधा मुलालाही कळत असून थांबता येत नसेल, तर तो आजार समजावा. केरळमधील शाळांत बारा ते अठरा वर्षांच्या सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ०.८ टक्के मुलांना हा आजार असल्याचे आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ एक. मोठ्या शाळेत अशी दहा-पंधरा मुले असू शकतात. त्यांतली किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत?

सोसायटीच्या गच्चीवरील टाकी भरली की अलार्म वाजतो. तो अलार्मच बिघडला तर टाकी रिकामी असतानाही वाजत राहतो. या मुलांच्या मेंदूत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशीच अडकलेली असते. मेंदूचा पुढचा भाग आणि आतल्या खोल भागातील काही केंद्रे यांच्यात निरोपांची ये-जा चालते. ‘झाले, आता पुरे’ हा निरोप तिथे नीट पोचत नाही. या कामात सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा वाटा आहे. म्हणूनच औषधाचा उपयोग होतो.

वस्वसा आणि वैद्यक

‘हे तर शैतानचे काम, दुआ करा, गोळ्या कशाला?’ हा प्रश्न घराघरांत येतो. दुआ जरूर करावी. पण आजारावर इलाज करण्याची शिकवणही आपल्याला हदीसमधूनच मिळाली आहे. शुगरच्या रुग्णाला आपण दुआ देतो आणि इन्सुलिनही देतो.

शिवाय हा आजार आपल्या विद्वानांना नवा नाही. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख भागात जन्मलेले अबू झैद अल-बल्खी इसवी सन ९३४ मध्ये वारले. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात त्यांनी शरीराबरोबर मनाच्या आजारांचाही विचार केला आणि वस्वशाला वेगळा आजार मानून त्याचे वर्णन केले. २०१५ मध्ये संशोधकांनी ते वर्णन आजच्या वैद्यकीय निकषांशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींत मोठे साम्य आढळले. हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम विद्वानाला जे आजार म्हणून दिसले, ते आपण आज मुलाचा हट्ट समजून मारून-झोडून काढायला बघतो.

फिकहचा नियमही इथे मुलाच्या बाजूने आहे. शंकेने खात्री रद्द होत नाही. वजू केल्याची खात्री असेल तर तो तुटल्याच्या नुसत्या शंकेने तुटत नाही. ज्याला सतत वस्वसे येतात त्याने त्यांकडे लक्ष देऊ नये, असेच उलेमा सांगत आले आहेत. इमाम साहेबांना हा मसला एकदा जरूर विचारावा. मात्र तोच मसला रोज नव्या शब्दांत विचारला जात असेल, तर ते विचारणे हीसुद्धा आजाराचीच कृती आहे. तिथे फतव्याने काम होत नाही, डॉक्टर लागतो.

कोणती औषधे, आणि किती गुण येतो?

या आजारावर सर्वांत जुने परिणामकारक औषध म्हणजे क्लोमिप्रामीन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता दिली, दहा वर्षांवरील मुलांसाठीही. पुढे कमी त्रासाची औषधे आली. १९९७ मध्ये फ्लूवोक्सामीनला आठ वर्षांवरील आणि सर्ट्रालीनला सहा वर्षांवरील मुलांसाठी, तर २००३ मध्ये फ्लूओक्सेटीनला सात वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली. ही औषधे भारतात मिळतात. म्हणजे आपल्या मुलावर काही नवा प्रयोग चाललेला नसतो. मुलांमध्ये पंचवीस-तीस वर्षे वापरून पाहिलेली ही औषधे आहेत.

या औषधांनी मेंदूतील सेरोटोनिन जास्त वेळ कामाला उपलब्ध राहते. ही झोपेची गोळी नव्हे, गुंगीची नव्हे, आणि नशा तर मुळीच नव्हे.

२००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते सतरा वर्षांच्या ११२ मुलांचे चार गट करून त्यांना बारा आठवडे वेगवेगळे उपचार दिले होते. आजार जवळजवळ नाहीसा झाला अशा मुलांचे प्रमाण असे होते: नुसत्या दिखाऊ गोळीने शंभरात सुमारे ४, फक्त सर्ट्रालीनने २१, फक्त वर्तनोपचाराने ३९ आणि दोन्ही मिळून ५४. ज्यांचा त्रास बराच कमी झाला पण पूर्ण गेला नाही, ती मुले या आकड्यांत धरलेली नाहीत. गोळीने फरक पडतो, गोळी आणि वर्तनोपचार मिळून तो सर्वांत जास्त पडतो, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणून आजार सौम्य असेल तर डॉक्टर बहुधा आधी वर्तनोपचार सुचवतात. त्रास मोठा असेल, मूल शाळेतच जाऊ शकत नसेल, किंवा वर्तनोपचार करणारा तज्ज्ञ मिळत नसेल, तर गोळी लांबवत नाहीत.

आपल्या देशातील अनुभवही धीर देणारा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी खास क्लिनिक आहे. सोळा वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या ५८ मुलांची स्थिती भारतातील डॉक्टरांनी दोन ते नऊ वर्षांनी पुन्हा तपासली. बहुतेकांना औषधोपचार मिळाला होता. त्यांपैकी पूर्ण स्वरूपातला आजार फक्त २१ टक्के मुलांत उरला होता. ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी मुले, आजारातूनही मोकळी होती आणि औषधातूनही.

बारा आठवड्यांचा हिशेब

तापाची गोळी तासाभरात काम करते. या गोळीचे तसे नाही, आणि घरच्यांचा धीर सुटतो तो इथेच. म्हणून काय कधी होते ते आधीच माहीत असावे.

पहिला-दुसरा आठवडा: डॉक्टर अगदी कमी मात्रेने सुरुवात करतात. मळमळ, पोट बिघडणे, डोकेदुखी, झोप कमी किंवा जास्त होणे, घाम, चुळबुळ यांपैकी काही जाणवू शकते. गुण मात्र अजून काहीच दिसत नाही. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, असा हा उलटा मामला आहे. गोळी काही खाल्ल्यावर घेतली की मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावे. हे त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात.

तिसरा ते सहावा आठवडा: डॉक्टर मात्रा वाढवतात. इथे आई-बाप बिथरतात, ‘कमी होण्याऐवजी डोस वाढवला, म्हणजे आजार वाढला.’ तसे नसते. उदासीनतेसाठी हीच औषधे दिली जातात, पण मंत्रचळाला बहुधा त्याहून जास्त मात्रा लागते. ती एकदम देता येत नाही म्हणून पायरीपायरीने चढवतात.

सातवा ते बारावा आठवडा: आता फरक दिसू लागतो, तोही हळूच. विचार येतात पण त्यांचा जोर कमी होतो. पाऊण तासाचा वजू वीस मिनिटांवर येतो. पुरेशा मात्रेवर पुरेसे आठवडे गेल्याशिवाय ‘या औषधाने गुण नाही’ असे म्हणता येत नाही. एका औषधाने खरोखरच गुण आला नाही तर डॉक्टर त्याच गटातील दुसरे देतात. क्लोमिप्रामीनकडे बहुधा त्यानंतर वळतात, कारण त्याने तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ असे त्रास जास्त होतात आणि हृदयाचा ईसीजी काढावा लागतो.

माझ्या शाळेतील नववीच्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिचे लिहिणे थांबले होते. घरी दिवसाला तीन-चार वेळा अंघोळ. महापालिकेच्या रुग्णालयात गोळी सुरू झाली. पहिल्या पंधरा दिवसांत मळमळ आणि चिडचिड. त्यातच फुफीने येऊन सांगितले, ‘इतक्या लहान वयात पागलपणाच्या गोळ्या? उद्या हिचे लग्न कसे होणार?’ तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद. महिन्याभराने त्रास वाढला, शाळा सुटली. तिच्या अम्मी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘टीचर, गोळी देऊन पाहिली, गुण नाही आला.’ मी इतकेच विचारले, किती दिवस दिली? मोजले तर सतरा दिवस भरले.

त्या पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. गोळी पुन्हा कमी मात्रेपासून सुरू झाली. या वेळी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर अम्मींनी बाराव्या आठवड्याच्या तारखेला खूण केली आणि त्या तारखेपर्यंत कुणाचेही ऐकायचे नाही असे ठरवले. सातव्या आठवड्यापर्यंत काही कळत नव्हते. दहाव्या आठवड्यात मुलीने माझ्या तासाला पूर्ण पान न खोडता लिहिले. आजार पूर्ण गेला असे नाही. तिचा वर्तनोपचार अजून चालू आहे आणि परीक्षा जवळ आली की वस्वसे डोके वर काढतात. पण ती शाळेत येते आणि पेपर पूर्ण सोडवते.

एक धोका, जो लपवू नये

२००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातील औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. चोवीस चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले की स्वतःला इजा करण्याचे विचार किंवा तसे वागणे गोळी घेणाऱ्या मुलांत शंभरात सुमारे ४, तर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २ होते. त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. धोका लहान आहे, पण आहे. त्यामुळे औषध टाळायचे नसते, सुरुवातीला लक्ष ठेवायचे असते. उपचार न केलेला आजारही मुलाला निराशेकडे नेतो, हेही विसरू नये.

लक्ष ठेवायचे म्हणजे काय? पहिले काही आठवडे आणि मात्रा वाढवल्यानंतरचे दिवस मुलाला जास्त एकटे सोडू नका. गोळ्यांची पाकिटे मोठ्यांच्या ताब्यात असावीत आणि गोळी समोर घ्यायला लावावी. मूल अचानक फार अस्वस्थ झाले, एका जागी बसेना, रात्र रात्र जागून भलतेच उत्साहात बोलू लागले, किंवा ‘मी नसलेलेच बरे’ असे म्हणाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घराण्यात कुणाला अति उत्साह आणि अति उदासी असे आलटून पालटून येणारा आजार असेल, तर तो पहिल्याच भेटीत सांगा. फुफी रागावेल म्हणून लपवू नका.

घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

*गोळीची सवय लागते का?* नशेच्या वस्तूची तलब लागते तशी नाही. मात्र ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या, झोप बिघडणे असे होऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी कमी करत थांबवतात.

*किती दिवस घ्यावी लागते?* बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर ती बहुधा सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त चालू ठेवतात. बरे वाटते म्हणून घरच्या घरी थांबवली तर आजार उलटू शकतो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर तर ती मुळीच बंद करू नये.

*रमजानमध्ये काय करायचे?* सर्ट्रालीन किंवा फ्लूओक्सेटीन बहुधा दिवसातून एकदाच घ्यायचे असते. त्यामुळे सहरी किंवा इफ्तारच्या वेळी ते घेता येते. दोन वेळा घ्यायचे औषध असेल तरी डॉक्टर वेळा बसवून देऊ शकतात. हे शाबानमध्येच विचारून ठेवावे. रोज्यासाठी गोळी परस्पर बंद करू नये.

*कॅप्सूलच्या जिलेटिनचे काय?* अनेक कॅप्सूलचे आवरण जनावरांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते. मनात खटकत असेल तर डॉक्टरांना किंवा केमिस्टला साधी गोळी मिळेल का ते विचारा. सर्ट्रालीन गोळीच्या रूपात मिळते. खटकले म्हणून न सांगता औषध सोडणे हा मार्ग नव्हे.

*हकीम साहेबांचे औषधही चालू आहे, चालेल का?* जे काही चालू आहे ते सगळे डॉक्टरांना दाखवा, अगदी सर्दीचे आणि अंगदुखीचेसुद्धा. काही औषधे एकमेकांत मिसळली की अपाय होतो.

*लग्नात अडचण येईल का?* उपचारांची माहिती गुप्त ठेवणे हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजारासाठी विम्याची सोय करणे बंधनकारक केले. राहिला प्रश्न लग्नाचा. दिवसातून चार तास मोरीत काढणाऱ्या मुलीचा संसार अवघड होतो, की गोळी घेऊन बरी झालेल्या मुलीचा, याचा विचार आपणच करावा.

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

गोळी विचारांचा जोर कमी करते. पण ‘न धुता राहता येते’ हे मुलाला शिकावेच लागते. वर्तनोपचारात हेच करतात. भीती वाटेल अशा लहानशा गोष्टीला सामोरे जायचे आणि कृती करायची नाही. आधी सोपे, मग अवघड. गोळीमुळे भीती थोडी उतरली की हे शिकणे मुलाला झेपते.

आपण मायेपोटी याच्या नेमके उलट करतो. मुलगी विचारते, ‘अम्मी, कपडे पाक आहेत ना?’ अम्मी दिवसातून चाळीस वेळा ‘हो’ म्हणतात. भाऊ स्वतःचे कपडे दुसऱ्यांदा धुतो. अब्बा गॅस दहा वेळा बघून येतात. याने मुलाला नव्हे, आजाराला खुराक मिळतो. मात्र हे सगळे एका दिवसात तोडायचेही नसते. डॉक्टर किंवा समुपदेशकाबरोबर ठरवून थोडे थोडे कमी करावे. ‘एकदा सांगितले बेटा, आता हा प्रश्न तुझ्या आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही,’ असे मायेने म्हणता येते. नळ बंद करून मुलाला ओढून बाहेर काढणे, भावंडांसमोर हिणवणे, मारणे हे मात्र कधीही नको.

शाळेलाही सांगा. वर्गशिक्षकांना माहीत असले की खोडाखोडीवर शिक्षा होत नाही, पेन्सिलऐवजी पेन दिले जाते, एका ओळीत कापून पुढे जायला शिकवता येते. आम्हाला रोगाचे नाव नाही सांगितले तरी चालेल, इतके सांगितले तरी पुरे.

जायचे कुठे?

मुंबईत मानसोपचार म्हटले की अजूनही ‘ठाण्याला पाठवणार का?’ असे विचारले जाते. या आजाराला बहुधा कुठेही भरती व्हावे लागत नाही. ओपीडीत तपासणी होते आणि मूल दुपारपर्यंत घरी येते. पश्चिम उपनगरांतील लोकांना विलेपार्ले-जुहूचे कूपर रुग्णालय जवळ आहे. घाटकोपर-मुलुंडकडून सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय गाठता येते. परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर हीदेखील महापालिकेचीच वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत आणि तिथेही मानसोपचार विभाग आहे. घराजवळच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते का आणि कोणत्या वारी, हे केस पेपरच्या खिडकीवर विचारावे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था ठाण्यात आहे, मुलुंडकरांना ती दूर नाही. घरातून निघणेच अवघड असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

जाताना एक कागद न्या. त्यावर लिहा: त्रास कधीपासून आहे, दिवसाचे किती तास त्यात जातात, कोणत्या गोष्टी मूल टाळते, झोप आणि भूक कशी आहे, घराण्यात कुणाला मनाचा आजार होता का, सध्या कोणती औषधे चालू आहेत. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. कागद असला की महत्त्वाचे राहून जात नाही. मुलाला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्या. काही विचार असे असतात की ते अम्मी-अब्बांसमोर तोंडातून निघत नाहीत.

आणि गोळी सुरू झाली की त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा: दादीला, चाचूंना, फुफीलाही. पहिले दोन आठवडे त्रास होईल, महिनाभर फरक दिसणार नाही, मात्रा वाढेल, आणि बाराव्या आठवड्याच्या तारखेपर्यंत घरातले कुणीही ‘बंद कर’ म्हणणार नाही. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर शंका आली तर शेजाऱ्यांना विचारू नका, डॉक्टरांना विचारा. सब्र करायचा तो इथे करायचा. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना शिफा देवो.